दर्याकाठच्या रस्त्याने

गेल्या वर्षी आपल्या बडोद्यातील एका मंडळाने स्मरणिका काढली. त्या स्मरणिकेसाठी ‘आमच्या घरातील संगीत’ या विषयावर मजकडून दोन पाने लिहून घेण्यात आली. त्यात मी असे लिहिले होते की, आमच्या घरात सूर आला तो सरकारवाड्यातून. ते वाक्य आज मी या पानावरून मागे घेत आहे. स्मरणिका ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी त्या ओळीवर काट मारावी. हे करण्याची पाळी मजवर आली ती पनवेलपासून उडुपीपर्यंत केलेल्या एका मोटारप्रवासामुळे, आणि म्हणून तो प्रवास थोडा सविस्तर सांगणे भाग आहे.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, संस्थानच्या कलावंत कारखान्यात सनई वाजवीत. १९४५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते नगारखान्यात लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पाठोपाठ अण्णांची चाकरीही सुटली. म्हणजे हिशेब केला तर दरबारची नोकरी उणीपुरी चार वर्षांची. पुढे त्यांनी एका गिरणीत कारकुनी केली, लग्नसराईत चौघड्यावर बसले, संसार केला. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. मला ठाऊक असलेले अण्णा म्हणजे नोकरीतून मोकळे झालेले, पांढरी टोपी घालून ओट्यावर बसणारे अण्णा. परंतु २००४ साली डोळे मिटेपर्यंत ते दरबारी कलावंतच होते. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा पाठीचा कणा ताठ. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे एक अण्णा होऊन गेले असतील. तेव्हा जास्त वर्णन नको.

अण्णा पहाटे एक धून वाजवीत. तिला ते ‘वाड्याची जाग’ म्हणत. सुरावट पाहिली तर भूपाची, चलन पाहिले तर देसकाराचे, आणि अवरोहात धैवतावर उतरण्यापूर्वी शुद्ध निषादाला एक निसटता स्पर्श. आता भूपात निषाद वर्ज्य आणि देसकारातही वर्ज्य. एकदा एका जाणकार गृहस्थांनी हे ना धड भूप, ना धड देसकार, अशी त्याची संभावना केली. अण्णा एवढेच म्हणाले, “दरबारची चाल आहे. आम्हाला अशीच मिळाली.” त्यावर कोण काय बोलणार? मी स्वतः विद्यार्थ्यांना राग शिकवताना तो निषाद कटाक्षाने गाळतो. पण कानातून तो कधी गेला नाही.

त्यांच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा सनईच्या पत्त्यांच्या डबीखाली मनिऑर्डरच्या जुन्या पावत्यांचे एक पुडके निघाले. आमच्या आजोबांनी दर शिमग्याला दोन दोन रुपये कोकणातल्या एका गावच्या रवळनाथाच्या देवस्थानाला धाडले होते. गाव कुडाळच्या अलीकडचे. त्या गावाचे नाव अण्णांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. पावत्या पुन्हा ट्रंकेत गेल्या आणि वीस वर्षे तेथेच राहिल्या. हा माझा आळस म्हणावा की भीती, हे माझे मलाच सांगता येत नाही.

यंदा मार्गशीर्षात उडुपीला एका विद्यार्थिनीचे लग्न निघाले. आमच्या मेहुण्यांनी नुकतीच नवी मोटार घेतली होती आणि ती कोठेतरी लांब नेल्याशिवाय त्यांना चैन नव्हते. सौभाग्यवतींनी दशम्या बांधल्या आणि आम्ही निघालो.

पनवेलहून सुटणारा हा महामार्ग पूर्वी सतरा क्रमांकाचा होता. आता तो सहासष्ट क्रमांकाचा आहे आणि सुमारे सोळाशे किलोमीटर जाऊन कन्याकुमारीला टेकतो. त्याला किनाऱ्याचा रस्ता म्हणतात, परंतु महाराष्ट्राच्या हद्दीत त्यावरून समुद्र दिसतो असे कोणी समजू नये. दिसतात त्या नद्या आणि खाड्या. अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री. पूल लागला की मेहुणे नाव विचारीत आणि मी फलक वाचून सांगे. महाडजवळ सावित्रीच्या पुलावर मात्र कोणी काही विचारले नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तेथला जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दुसऱ्या वर्षी नवा पूल उभा राहिला. आपण त्यावरून क्षणात पलीकडे जातो.

रस्ता चौपदरी करण्याचे काम २०११ साली हाती घेतले होते. आम्ही गेलो तेव्हाही ठिकठिकाणी वळणाच्या पाट्या होत्याच. कशेडीचा घाट आता बोगद्यातून जातो. पूर्वी पाऊण तास वळणे मोजीत बसावे लागे, ते थोडक्या मिनिटांत उरकते. सोय झाली हे खरे. परंतु कणकवलीला पोचलो तर गावच दिसेना. उड्डाणपुलावरून तेवढी छपरे दिसली. चांगल्या रस्त्याचे हे असे आहे. तो जेथून जातो तेथले काही दाखवीत नाही. आम्ही खाली उतरलो ते केवळ चहाच्या तलफेने.

कुडाळच्या अलीकडे मी मेहुण्यांना मोटार डावीकडे घ्यायला सांगितले. दोन कोसांवर ते गाव. दैवयोग असा की त्या दिवशी रवळनाथाची जत्रा होती. देवळापुढे खाज्यांची आणि भज्यांची दुकाने, माडांना बांधलेले दिवे, मुंबईहून रजा काढून आलेले चाकरमानी. मी देवळातल्या वृद्ध गुरवांना पावत्या दाखविल्या. त्यांनी त्या डोळ्यांशी नेल्या, दूर धरल्या आणि म्हणाले, “म्हणजे बडोद्याक गेल्ल्या मानसाचे तुमी?” मी हो म्हटले. “तेंची मनिआर्डर येय. माझो बापूस सांगी.” एवढ्यावर आमची सोय त्यांच्या पडवीत झाली. आणखी कोण, कोठले, काय करता, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. पालखी निघायची होती.

मध्यरात्री पालखीची प्रदक्षिणा झाली आणि दशावतार उभा राहिला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक बाकडे, त्यामागे पेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, मग वेद पळविणारा संकासुर. तो गेला की मूळ आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. राजा दिवसा शेतावर असतो, राणीला मिशा काढून दोन तास झालेले असतात, आणि तरी ती रडू लागली की समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावतात. आमच्या सौभाग्यवतींनीही लावला. पूर्वी ही मंडळी आपला पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसरीकडे पायी जात. आता टेंपो असतो. खेळ उजाडेपर्यंत चालला, दहीकाला झाला, आणि त्यानंतर देवळाच्या नगारखान्यातून सनई सुरू झाली.

मी त्या वेळी पडवीत चूळ भरीत होतो. तांब्या तसाच हातात राहिला. ती ‘वाड्याची जाग’ होती. तीच उठावणी, तोच पंचमावरचा मुक्काम, आणि अवरोहात धैवताच्या आधी तोच निसटता, शास्त्राने वर्ज्य सांगितलेला निषाद. वाजवणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, गुरवांचा नातू. त्याला विचारले, ही धून कोठली? तो म्हणाला, देवाला उठवायची. कोणी शिकवली? आजोबांनी. त्यांना? तो हसला. मी त्याला एवढे प्रश्न का विचारतो आहे हे त्याच्या ध्यानात येईना.

कुडाळजवळच्या त्या खेड्यात वाजणारी सनई बडोद्याच्या नगारखान्यातून तेथे गेली असे म्हणण्याची सोय नाही. बडोद्याहून तिकडे फक्त मनिऑर्डरी गेल्या. माणूस परत गेला नाही. म्हणजे आजोबा सयाजीराव महाराजांच्या अमदानीत उत्तरेकडे निघाले तेव्हा रवळनाथाची धून बरोबर घेऊन निघाले, आणि देवाला उठवण्याचे सूर वाड्याला उठवू लागले. अण्णांना हे ठाऊक नसेल? ट्रंकेतल्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि आमच्यापासून लपवूनही ठेवल्या होत्या. यातच उत्तर आले.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे आणि ती बोलताना काही जुन्या घरांना राग येईल हेही मी धरून चाललो आहे. आपल्या संस्थानचा संगीतातला लौकिक खरा आहे. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ सालची. खाँसाहेब फैयाझखाँ १९५० साली येथेच पैगंबरवासी झाले. हे दोघेही बाहेरून आले आणि ते आपण मोठ्या हौसेने सांगतो. आग्र्याहून आलेल्या उस्तादाचे गाव सांगताना आपली मान ताठ होते. मात्र सनई, चौघडा, पखवाज, कीर्तनामागची झांज घेऊन जी माणसे कोकणातून आणि गोमंतकातून आली, त्यांचे गाव विचारले की आपण म्हणतो, आम्ही सरकारवाड्याचे. देवळाची सेवा करणाऱ्याचा नातू असण्यात कमीपणा आहे, अशी समजूत आपण करून घेतली आणि ती झाकण्यासाठी दरबारची शाल पांघरली. ती शाल अण्णांनी चार वर्षे मिळवली होती आणि पंचावन्न वर्षे पांघरली. मला त्यांचा राग येत नाही. मी मात्र ती न मिळवताच पांघरली होती.

असो. पुढचा रस्ता मी या नव्या कानांनी ऐकला.

सावंतवाडी आता महामार्गावर लागत नाही. झारापपासून पत्रादेवीपर्यंत रस्ता तिला बाजूला ठेवून जातो. संस्थानी शहराला रस्त्यानेच वळसा घालावा हे पाहून आम्हा बडोदेकरांना थोडे लागले, म्हणून वाट वाकडी करून मोती तलाव आणि राजवाडा पाहून आलो. लाकडी फळे घेतली. मेहुण्यांनी गंजिफाही घेतला. याच संस्थानातल्या एका खेड्यातून रामकृष्णबुवा वझे लहानपणी गाणे शिकायला बाहेर पडले आणि हाल सोशीत ग्वाल्हेरला निसार हुसेनखाँसाहेबांपर्यंत पोचले. ग्वाल्हेरने त्यांना विद्या दिली यात वाद नाही. पण इतके हाल सोसावेत एवढी ओढ त्या मुलाला कोणत्या दरबाराने लावली होती?

पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींचे स्मारक आहे. तेथे थांबून नमस्कार केला आणि गोव्यात शिरलो.

जुवारी नदीवरचा नवा पूल दोऱ्यांनी ताणून धरलेल्या पालखीसारखा दिसतो. त्याच्या दक्षिण टोकाशी कुठ्ठाळी. हीच जुनी कुशस्थळी. मंगेशाचे मूळ स्थान येथले. १५६०च्या सुमारास पोर्तुगीजांच्या भयाने भक्तांनी देव नदीपार अंत्रुज महालात नेला, आणि तो आजही तेथे मंगेशीला आहे. म्हार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची. ही सगळी मूळ ठिकाणे महामार्गाच्या अंगाखांद्यावर आहेत. आपण ताशी ऐंशीच्या वेगाने त्यांना ओलांडून जातो. आम्ही मोटार वळवली आणि फोंड्याकडे गेलो.

फोंड्याचा तो टापू एका दिवसात फिरून होण्याजोगा. परंतु हिशेब तर करा. मंगेशीला १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले. केरीला १८९२ साली केसरबाई. दक्षिणेकडे पर्वताच्या पायथ्याचे लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर. आणि सांगे महालातल्या कुर्डीला १९०४ साली मोगूबाई. कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेले; उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती उघडी पडतात आणि जुने गावकरी तेथे जमतात. आम्ही गेलो तेव्हा नुसते पाणी होते. काठावर एक गुराखी होता. मेहुण्यांनी विचारले, येथे बघायचे काय? मी म्हटले, काही नाही.

या गायिकांच्या आया-आज्या देवळांच्या सेवेत होत्या. त्या सेवेत अन्याय होता, आणि तो गुळगुळीत शब्दांनी झाकू नये. तरीही सूर तेथे राखला गेला, पिढ्यान् पिढ्या, कोणी बिदागीची वही न ठेवता. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारी होते. शाहू महाराज १९२२ साली वारले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. त्यांची विद्या ज्यांनी पुढे नेली त्यांत केसरबाई आणि मोगूबाई या दोघी अग्रभागी, आणि दोघीही या मातीतल्या. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या यानांतल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, ही गोष्ट आपण सभांतून सांगतो. आपल्याच आजोळच्या दिवाणखान्यात केसरबाईंच्या तबकड्या होत्या. त्याच दिवाणखान्यात केरीच्या देवळाचा विषय निघत नसे.

पोळें ओलांडले की कर्नाटक. सदाशिवगड डावीउजवीकडे डोकावतो आणि काळी नदी येते. तिच्यावरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे कोसळला; पडलेल्या ट्रकचा चालक वाचला. नव्या पुलावरून आम्ही कारवारात उतरलो आणि तेथे, पनवेल सोडल्यापासून प्रथमच, महामार्गाशेजारी समुद्र आला. तरुणपणी रवींद्रनाथ येथे आपल्या न्यायाधीश बंधूंकडे राहिले होते आणि एक नाटक त्यांनी येथेच लिहिले. किनाऱ्याला त्यांचेच नाव दिले आहे. आमच्या मंडळींनी पाय भिजवले. १९५६पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. बाजारात आमच्या मराठीला कोकणीत उत्तर मिळे आणि कोणाचे अडत नसे.

अंकोल्याच्या पुढे शिरूरला सगळे गप्प झाले. १६ जुलै २०२४ रोजी डोंगर महामार्गावर आला आणि रस्त्याकडेची एक चहाची टपरी चालवणाऱ्या कुटुंबासकट गंगावळी नदीत गेली. उघडा पडलेला तांबडा कडा लांबून दिसतो. कितीतरी टपऱ्यांवर आम्ही या चार दिवसांत चहा घेतला होता.

होन्नावर जवळ आले तसा मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. मला कर्की पाहायची होती. मराठी रंगभूमीचा वाढदिवस आपण ५ नोव्हेंबरला करतो, तो १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’चा. पण त्याच्या आदल्या वर्षी कानडी मुलखातील भागवत मंडळी सांगलीस खेळ करून गेली होती. ते पाहून चिंतामणराव पटवर्धन सरकारांनी भाव्यांना मराठीत तसे काही करण्यास फर्मावले. ती मंडळी कर्कीची. होन्नावरच्या अलीकडे हा गाव महामार्गाला लागूनच आहे. माड, कौलारू घरे, एक वळण, संपले. मला तरी रस्त्यावरून त्या गोष्टीची खूण दिसली नाही. एका दुकानदाराला मोडक्यातोडक्या कानडीत विचारले. सांगली म्हणताच तो म्हणाला, हळद पाहिजे का?

लग्न आटोपल्यावर यजमानांनी आम्हांला रात्री एका गावी यक्षगान दाखविले. मागे भागवत उभा, हातात टाळ. चंडे आणि मद्दळे दोन बाजूंना. कथा भागवत गातो, पात्रे नाचतात आणि मग आपापल्या मनाने संवाद बोलतात. राक्षस आरोळ्या ठोकीत आला तेव्हा मला हसू फुटले. भाव्यांच्या नाटकांची आजोबांच्या पिढीकडून ऐकलेली वर्णने आठवली: सूत्रधार टाळ धरून सगळी पदे म्हणतो, पात्रे उत्स्फूर्त बोलतात, आणि राक्षस ‘अललडुर्र’ करीत रंगमंच दणाणून सोडतात. चार रात्रींपूर्वी कुडाळजवळ संकासुर पाहिला होता, तोही याच कुळीतला. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचे अंतर, भाषा दोन, आणि कलेची मोडणी एक.

दरबारांचे देणे मी नाकारीत नाही. सांगलीकर सरकारांनी फर्मावले नसते आणि खर्च उचलला नसता तर कर्कीची मंडळी खेळ करून परत गेली असती आणि आपल्याकडे काही राहिले नसते. सयाजीराव महाराजांनी पगार दिला नसता तर आमचे आजोबा कोठेतरी हमाली करते. अण्णा यापुढे जाऊन म्हणत की, राजे होते म्हणून संगीत होते. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडले नाही. आज म्हणतो की, संगीत होते म्हणून राजांना ते ठेवता आले.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा रवळनाथाला गेलो. जत्रा उठून गेली होती. अंगणात खाज्यांचे कागद उडत होते. मी अण्णांची सनई बरोबर नेली नव्हती याची चुटपुट लागली. त्या मुलाला वैशाखात सुटी असते असे कळले. त्याला बडोद्यास बोलावले आहे. ती धून लिहून घ्यायची आहे, निषादासकट, आणि वर गावाचे नाव घालायचे आहे. शिमग्याला मनिऑर्डर जाईल. रक्कम तेवढी वाढवावी लागेल.

आपल्या शहरातील ज्या घरांत अशा ट्रंका असतील, त्यांनी त्या एकदा उघडाव्यात. पावत्या, पत्रे, देवाच्या नावाची एखादी चिठ्ठी सापडली तर मला दाखवावी. मी संध्याकाळी पाचनंतर गायनशाळेत असतो. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघायची आहे आणि संपादकांनी दोन पाने आणखी देऊ केली आहेत.